दगडाची कच आणि टाकाऊ प्लॅस्टिकपासून फरसबंदीचे ठोकळे : नाशिक परिसरासाठी सविस्तर कृती

नाशिकच्या भोवताली दोन प्रकारचा कचरा सतत साठत असतो आणि दोन्हींना गिऱ्हाईक कमी असते. सारूळ-विल्होळी पट्ट्यातील, तसेच दिंडोरी आणि सिन्नर तालुक्यांतील खडी क्रशरच्या मागे बारीक कच ढिगाने पडून राहते, कारण बांधकामाला खडी आणि धुतलेली क्रश सँड हवी असते. दुसरीकडे टोमॅटो, मिरची आणि कलिंगडाच्या शेतात वापरलेला चंदेरी-काळा मल्चिंग कागद, म्हणजे वाफ्यांवर अंथरलेली प्लॅस्टिकची फिल्म, हंगाम संपला की बांधावर गोळा होतो. मातीने माखलेला असल्यामुळे भंगारवाला तो घेत नाही आणि शेवटी तो जाळला जातो. या दोहोंतून चांगले, टिकाऊ फरसबंदीचे ठोकळे, म्हणजे पेव्हर ब्लॉक, करता येतात. ते कसे करावेत, कोठे वापरावेत आणि कोठे मुळीच वापरू नयेत, याची पूर्ण कृती येथे दिली आहे. ती बचत गट, ग्रामपंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अंबड-सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीतील लहान उद्योजक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. घराच्या अंगणात चुलीवर करून पाहण्याचा हा प्रयोग नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. उघड्या पिंपाखाली लाकडे पेटवून त्यात प्लॅस्टिक वितळवायचे आणि वरून वाळू टाकून ढवळायचे, अशी कृती अनेक ठिकाणी दाखवली जाते. त्या पद्धतीत तळाशी असलेले प्लॅस्टिक जळते, वरचे कच्चे राहते, ढवळणारी व्यक्ती तासन्‌तास धूर श्वासात घेते आणि ठोकळ्याची ताकद प्रत्येक घाण्याला बदलते. कचरा कमी करण्याच्या नावाखाली कामगारांची फुप्फुसे खराब करणे मला मान्य नाही, म्हणून पुढील सर्व पायऱ्या नियंत्रित तापमानाचे बंद मिश्रणयंत्र गृहीत धरून दिल्या आहेत.

आधी उत्पादन ठरवा

या मिश्रणात प्लॅस्टिक हे सिमेंटच्या जागी काम करते, म्हणजे दगडाचे कण एकत्र धरून ठेवते. सिमेंट पाण्याशी संयोग पावून कायमचे घट्ट होते. पॉलिथिलीन मात्र थंड झाल्यावर घट्ट होते आणि तापल्यावर पुन्हा मऊ पडते. या एका फरकावरून वापराच्या बहुतेक मर्यादा ठरतात. पादचारी वाट, बागेतील पायवाट, शाळेचे किंवा मंदिराचे अंगण, सायकलींची जागा, वाफ्यांच्या कडा आणि पाण्याच्या टाकीभोवतीचा कोरडा चौथरा यांसाठी हा माल योग्य आहे. भार घेणाऱ्या भिंती, जिने, स्वयंपाकघर, सभागृहातून बाहेर पडण्याचे मार्ग, फटाक्यांची किंवा चाऱ्याची साठवण आणि छत यांसाठी तो अयोग्य आहे.

आगीचा मुद्दा अनेकदा टाळला जातो, म्हणून त्याचा हिशेब येथेच देतो. एक किलो पॉलिथिलीन जळताना सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता देते. ठोकळ्याच्या वजनात २५ टक्के प्लॅस्टिक असेल, तर एका किलो ठोकळ्यात सुमारे ११ मेगाज्यूल उष्णता साठलेली असते, म्हणजे वाळलेल्या लाकडाच्या साधारण दोन तृतीयांश. उघड्या जमिनीवर, मातीच्या थरावर टेकलेला ठोकळा सहजासहजी पेट घेत नाही, परंतु त्याच ठोकळ्यांची उभी भिंत रचली की चारही बाजूंनी हवा मिळणारे इंधनच आपण घराला लावतो. ज्यांना कचेपासून भिंतीच्या विटा करायच्या आहेत त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे आणि तो पुढे दिला आहे.

आकाराच्या दृष्टीने २०० × १०० × ६० मिलिमीटरचा आयताकृती ठोकळा सर्वांत सोयीचा. त्याचे घनफळ १.२ लिटर भरते आणि चौरस मीटरला ५० ठोकळे लागतात. नागमोडी किंवा डमरूच्या आकाराचे साचे महाग पडतात, त्यांच्या कोपऱ्यांत मिश्रण नीट भरत नाही आणि सुरुवातीच्या काळात त्यांतून मिळणारा फायदा नगण्य असतो.

प्लॅस्टिकची निवड : सगळ्यात जास्त वेळ येथे द्या

या कामाला हवे ते पॉलिथिलीन, विशेषतः कमी घनतेचे, म्हणजे एलडीपीई आणि एलएलडीपीई. मल्चिंग कागद, पॉलिहाऊसचे जुने आच्छादन, मालाला गुंडाळलेली पारदर्शक फिल्म आणि जाड पिशव्या हे त्याचे मुख्य स्रोत आहेत. कमी घनतेचे पॉलिथिलीन साधारण १०५ ते १२५ अंश सेल्सिअसला वितळते, जास्त घनतेचे १२५ ते १३५ अंशांना आणि पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंशांना. बाटल्यांचे पीईटी मात्र २५० अंशांच्या पुढे वितळते. या तापमानाला पॉलिथिलीनचा धूर व्हायला लागतो, त्यामुळे दोन्ही एका घाण्यात कधीच चालत नाहीत. शिवाय पाण्याच्या बाटल्यांना पुनर्वापराची चांगली बाजारपेठ आधीच आहे. द्राक्षबागांतील जुन्या ठिबकच्या नळ्यांचेही तसेच आहे. त्यांच्यापासून पुन्हा नळी होऊ शकते, तेव्हा त्या ठोकळ्यात गाडणे म्हणजे चांगला माल खालच्या कामाला लावणे होय. माझे मत असे आहे की, ज्या प्लॅस्टिकला दुसरा कोणीही घेणारा नाही तेच येथे यावे.

पीव्हीसीला मात्र पूर्ण मज्जाव असला पाहिजे. तापवल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. तो डोळे आणि श्वसनमार्ग जाळतोच, पण यंत्राचे पोलादही गंजवतो. विजेच्या तारांचे आवरण, पाइपांचे तुकडे, जुने फ्लेक्स, रेक्झिन आणि चपलांचे तळवे यांतून पीव्हीसी शिरते. फ्लेक्सचा धोका विशेष आहे, कारण मोठ्या प्रमाणात फुकट मिळतात म्हणून लोक ते आनंदाने आणून देतात. वेफर्स, गुटखा आणि बिस्किटांची चमकदार पाकिटे अनेक थरांची असतात. त्यांत पॉलिप्रॉपिलीन, पीईटी आणि धातूचा मुलामा एकत्र असल्यामुळे तीही बाजूला ठेवावीत. थर्माकोल नको, कीटकनाशकांचे डबे आणि रुग्णालयातील कोणताही माल नको.

ओळखण्याची सोपी कसोटी पाण्याची आहे. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.९० ते ०.९६५ च्या दरम्यान असते, म्हणून ते तरंगतात. पीईटी आणि पीव्हीसी यांची घनता पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे ते बुडतात. तुकडे आधी धुवून, पाण्यात थेंबभर साबण टाकून आणि हाताने दाबून बुडवून मग सोडावेत. नाहीतर पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेमुळे जड तुकडाही तरंगतो आणि चिकटलेल्या मातीमुळे हलका तुकडा बुडतो. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनमधला फरक पाणी सांगत नाही, तो बोटांना आणि कानांना कळतो. पॉलिथिलीनची फिल्म मऊ असते आणि ओढल्यावर लांबते, तर पॉलिप्रॉपिलीनची फिल्म कडक असून चुरगळल्यावर खरखर आवाज करते. घंटागाडीच्या कचऱ्यातून वर्षानुवर्षे वेचणी करणाऱ्या महिलांना ही पारख कोणत्याही पुस्तकाविना असते. उद्योग उभा करताना त्यांना निवडणीच्या कामासाठी योग्य वेतनावर घेणे हा सर्वांत शहाणपणाचा तांत्रिक निर्णय ठरतो. पॉलिप्रॉपिलीन थोडेसे, एकूण प्लॅस्टिकच्या दहाव्या हिश्शापर्यंत आले, तरी काम निभावते.

मल्चिंग कागद धुण्यापूर्वी उन्हात वाळवून झटकावा, म्हणजे बरीचशी काळी माती कोरडीच पडते आणि पाणी वाचते. नंतर दोन टाक्यांत धुवावा. धुण्याचे पाणी गाळ बसवून पुन्हा वापरावे आणि नाल्यात सोडू नये, कारण त्यात प्लॅस्टिकचे बारीक कण असतात. श्रेडरमधून १० ते १५ मिलिमीटरचे तुकडे काढावेत. फिल्मचे तुकडे हलके असल्याने वाऱ्याने उडतात, म्हणून वाळवण्याची जागा जाळीने बंद केलेली असावी.

कच : कोणत्या खाणीतली, कोणत्या थरातली

नाशिकचा दगड म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट. तो घट्ट असतो, त्याची घनता २.८ ते ३.० असते आणि पॉलिथिलीनच्या मिश्रणाला तो उत्तम आधार देतो. मात्र खाणीतील सगळे थर सारखे नसतात. लाव्हाच्या प्रत्येक थराच्या माथ्याकडे पोकळ्यांचा, मऊ भाग असतो आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची पांढरी, गुलाबी किंवा हिरवट खनिजे भरलेली असतात. या खनिजांसाठी आपला परिसर जगभर ओळखला जातो आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने पाहता येतात. ठोकळ्यांच्या कामात मात्र हीच खनिजे अडचण करतात. झिओलाइटच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते, कच उन्हात कितीही वाळवली तरी ते जात नाही, आणि १०० अंशांच्या पुढे तापवल्यावर ते हळूहळू वाफ होऊन बाहेर पडते. मिश्रण साच्यात गेल्यावर ही वाफ निघाली की ठोकळ्याच्या पोटात फुगे राहतात. म्हणून क्रशरमालकाकडून कच घेताना ती घट्ट, काळ्या दगडाची आहे याची खात्री करावी. पांढरे ठिपके, लालसर किंवा पिवळट मुरमाची छटा आणि बोटांना चिकटणारी चिकणमाती दिसली, तर तो ढीग सोडून द्यावा.

तपासणी सोपी आहे. एक किलो कच लोखंडी तव्यावर ११० अंशांच्या आसपास तास-दीड तास तापवून वजन करावे, मग तीच २०० अंशांवर तासभर ठेवून पुन्हा वजन करावे. पहिल्या वेळी घटलेले वजन हे साधे ओलाव्याचे असते. दुसऱ्या वेळीही लक्षात येण्याजोगी घट आली, तर त्या कचेत बांधलेले पाणी आहे असे समजावे.

कच ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळावी. अतिबारीक पीठ, म्हणजे ७५ मायक्रॉनखालचा भाग फार असेल, तर त्याचे पृष्ठफळ प्रचंड असल्यामुळे ते सगळे प्लॅस्टिक शोषून घेते आणि मिश्रण कोरडे पडते. असे पीठ काही प्रमाणात काढून टाकावे. लहान-मोठे सर्व आकारांचे कण असलेली कच सर्वांत चांगली, कारण मोठ्या कणांमधल्या पोकळ्या लहान कणांनी भरतात आणि प्लॅस्टिक कमी लागते. फरशी कापणाऱ्या दुकानांतून निघणारी कोटा, ग्रॅनाइट किंवा संगमरवराची भुकटी मिळत असेल, तर ती एकटी वापरू नये. पूर्ण वाळवून कचेच्या दहाव्या हिश्शापर्यंत मिसळावी.

कच खरेदी केल्याची पावती आणि गौण खनिजाच्या वाहतुकीचा परवाना जपून ठेवावा. फुकट दिलेली कच असली, तरी ती रस्त्यावरून नेताना हा कागद लागतो.

प्रमाण कसे ठरवावे

समाजमाध्यमांवर एक ते चार, एक ते तीन, एक ते दोन अशी वजनी प्रमाणे ठामपणे सांगितली जातात. प्रत्यक्षात प्रमाण कचेवर अवलंबून असते. दाबून बसवलेल्या कचेत साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते. ती पोकळी भरण्यापुरते प्लॅस्टिक म्हणजे, घनता लक्षात घेता, वजनाने सुमारे १५ टक्के. परंतु वितळलेले पॉलिथिलीन तेलासारखे पातळ नसते, ते सर्व कणांभोवती पोहोचायला काही भाग जास्तीचा द्यावा लागतो. म्हणून २०, २५ आणि ३० टक्क्यांचे तीन प्रायोगिक घाणे करावेत आणि चाचण्यांत उतरणारे सर्वांत कमी प्रमाण निवडावे. वजनाने २५ टक्के प्लॅस्टिक म्हणजे आकारमानाने जवळजवळ निम्मा ठोकळा प्लॅस्टिकचा, हे ध्यानात ठेवले म्हणजे अधिक प्लॅस्टिक संपवण्याचा मोह आवरतो. प्लॅस्टिक जितके जास्त, तितका ठोकळा उन्हात मऊ आणि आगीला धार्जिणा.

२५ टक्क्यांच्या मिश्रणाचा ६० मिलिमीटर जाडीचा ठोकळा सुमारे २.१ किलो भरतो. त्यात साधारण अर्धा किलो प्लॅस्टिक आणि १.६ किलो कच असते. चौरस मीटरला सुमारे २७ किलो प्लॅस्टिक आणि ८० किलो कच लागते. त्याच मापाचा सिमेंटचा ठोकळा २.८ किलोच्या घरात जातो.

तापवणे आणि मिसळणे

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी डांबरी रस्त्यांसाठी प्लॅस्टिक वापरण्याची जी पद्धत विकसित केली, तिचे मर्म असे की आधी खडी तापवायची आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे तुकडे टाकायचे. ज्योत प्लॅस्टिकला लागतच नाही, ते तापलेल्या दगडावर वितळून त्याचा लेप बनते. या कार्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ठोकळ्यांसाठीही हेच तत्त्व स्वीकारावे, पण एक फरक समजून घ्यावा. रस्त्याच्या कामात प्लॅस्टिक दगडाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असते, त्यामुळे दगडाची उष्णता त्याला पुरते. आपल्या मिश्रणात ते पाव हिस्सा आहे. केवळ कचेच्या उष्णतेवर ते वितळवायचे, तर कच ३०० अंशांच्याही बरीच पुढे तापवावी लागेल आणि तिला प्रथम स्पर्श करणारे प्लॅस्टिक जळू लागेल. म्हणून कच १८० ते २०० अंशांपर्यंत तापवून मिश्रणयंत्रात घ्यावी, आणि यंत्राच्या दुहेरी भिंतीतील गरम तेलाने किंवा विजेच्या पट्ट्यांनी पुढची उष्णता सावकाश द्यावी.

यंत्र झाकणाचे असावे आणि त्यातील दोन आडवे दांडे विरुद्ध दिशांना फिरणारे असावेत. तापमान मोजणारा थर्मोकपल भिंतीत नव्हे, तर मिश्रणात बुडलेला हवा. भिंतीचे तापमान आणि मिश्रणाचे तापमान यांत मोठा फरक असू शकतो. प्लॅस्टिक एकदम न ओतता चार-पाच हप्त्यांत टाकावे आणि आधीचा हप्ता दिसेनासा झाल्यावरच पुढचा टाकावा. मिश्रणाचे तापमान १६५ ते १८० अंशांत राखावे आणि २०० च्या पुढे कधीही जाऊ देऊ नये. सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ ओलाव्याची असते. निळसर धूर आणि मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला, तर प्लॅस्टिक करपू लागले आहे असे समजून उष्णता ताबडतोब तोडावी. काळा रंग आणि उन्हापासून संरक्षण यांसाठी प्लॅस्टिकच्या वजनाच्या २ टक्के कार्बन ब्लॅक मिसळावा. मल्चिंग कागदात तो मुळातच असतो, म्हणून त्या मालाला निम्मा पुरतो. नीट तयार झालेले मिश्रण घट्ट भिजवलेल्या भाकरीच्या पिठासारखे दिसते आणि त्यात कोरडी, करडी कच कोठेही उघडी दिसत नाही.

वाळवणीला कमी लेखले जाते, म्हणून आकडा देतो. १०० किलो मिश्रण ३० अंशांपासून १७० अंशांपर्यंत नेऊन प्लॅस्टिक वितळवण्यास हिशेबाने साडेपाच-सहा युनिट वीज लागते. यंत्रातील गळती धरून ती प्रत्यक्षात दुप्पट होऊ शकते. कचेत फक्त ५ टक्के ओलावा असेल, तर तो उडवायलाच आणखी अडीच-पावणेतीन युनिट जातात. फेब्रुवारी ते मे या काळात नाशिकचे ऊन हे काम फुकट करते. तेव्हाच पावसाळ्यापुरती कच वाळवून छपराखाली ताडपत्रीने झाकून ठेवावी.

दाब आणि थंडावणे

साचा जाड पोलादाचा असावा आणि त्याच्या आतल्या बाजूला वरच्या दिशेने किंचित उतार असावा, म्हणजे ठोकळा अडकत नाही. साचा ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून घ्यावा. थंड साच्यात मिश्रणाची कातडी लगेच गोठते आणि कडा ओबडधोबड राहतात. आत सिलिकॉनचा किंवा खाद्यतेलाचा हलका हात फिरवावा. तळाशी, म्हणजे ठोकळ्याची जी बाजू पुढे वर येणार त्या बाजूला, २ ते ४ मिलिमीटरच्या गरम कचेचा पातळ थर पसरावा आणि मग वजन केलेले मिश्रण भरावे. हा थर पृष्ठभागात रुतून बसतो. त्यामुळे पावसात पाय घसरत नाही आणि झिजताना प्लॅस्टिकऐवजी दगड झिजतो. माझ्या दृष्टीने ही पायरी वगळता येणार नाही, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकच्या वाटेवर नाशिकच्या पावसात वृद्ध माणूस घसरणारच, आणि झिजलेल्या प्लॅस्टिकची भुकटी गोदावरीत जाणार.

२०० × १०० मिलिमीटरच्या पृष्ठावर १० टनांचा दाब दिला, तर प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ५ न्यूटन भार पडतो आणि तो पुरेसा होतो. दाब देऊन लगेच सोडू नये. पॉलिथिलीन गोठताना आकसते, ठोकळ्याचे पोट शेवटी गोठते आणि दाब आधीच काढला तर वरची बाजू खोलगट होते. बाहेरून पाणी खेळवून थंड होणारे साचे असतील तर हा वेळ बराच कमी होतो. ठोकळा काढल्यावर तो सपाट लोखंडी पत्र्यावर, वर वजन ठेवून, हाताला कोमट लागेपर्यंत राहू द्यावा. गरम ठोकळे थेट एकावर एक रचले, की ते वाकतात.

चाचण्या : कागदावरच्या ताकदीने फसू नका

सिमेंटच्या फरसबंदी ठोकळ्यांसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे. ते प्लॅस्टिकने बांधलेल्या ठोकळ्यांसाठी लिहिलेले नाही, म्हणून त्याचा शिक्का आपल्या मालावर सांगणे ही ग्राहकाची फसवणूक ठरेल. तुलनेसाठी मात्र ते उपयोगी पडते. उदाहरणार्थ, त्यात पाणी शोषण्याची सरासरी मर्यादा वजनाच्या ६ टक्के आहे. आपला ठोकळा २४ तास पाण्यात बुडवून वजन केल्यावर १ टक्क्याच्या पुढे जाऊ नये. गेला तर आत पोकळ्या आहेत.

दाबचाचणीसाठी दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे मेरीमध्ये, किंवा स्थापत्य शाखा असलेल्या तंत्रनिकेतनात चौकशी करावी. चाचणी सांगताना दोन अटी आवर्जून घालाव्यात. पहिली अशी की, सिमेंटचा ठोकळा विशिष्ट भाराला फुटतो, परंतु हा ठोकळा फुटत नाही, तो दबत जातो आणि यंत्रावरचा आकडा वाढतच राहतो. म्हणून जाडी ५ टक्क्यांनी कमी होताना असलेला भार नोंदवायला सांगावे. दुसरी अट तापमानाची आहे. एप्रिल-मे मध्ये नाशिकचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि काळ्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापू शकतो. २७ अंशांवरचा चांगला आकडा तेथे काही कामाचा नाही. काही नमुने ६५ अंशांच्या भट्टीत चार तास ठेवून, गरम असतानाच त्यांची चाचणी घ्यावी. त्याच तापमानात एका ठोकळ्यावर खुर्चीच्या पायाएवढ्या टोकाने ५० किलो भार रात्रभर ठेवून खड्डा किती पडतो ते मोजावे. तो दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर प्लॅस्टिकचे प्रमाण कमी करावे.

रोजच्या कामात प्रत्येक घाण्यातील एक ठोकळा करवतीने मधोमध कापून पाहावा. फुगे, न वितळलेले तुकडे किंवा कोरड्या कचेच्या गाठी दिसल्या, तर तो घाणा पुन्हा वितळवावा. सिमेंटच्या ठोकळ्याला जे कधीच जमणार नाही ते याला जमते, आणि ही मोठी सोय आहे.

भिंतीसाठी हवी असेल तर

कचेच्या विटा करायच्या असतील, तर प्लॅस्टिक सोडून एकलहरे औष्णिक वीज केंद्राची उडणारी राख घ्यावी. राख साधारण निम्मी किंवा थोडी अधिक, कच तीस ते चाळीस टक्के आणि सिमेंट आठ ते दहा टक्के या मर्यादेत घाणे करून दाबयंत्रावर विटा पाडाव्यात आणि किमान दोन ते तीन आठवडे पाणी मारावे. या विटा जळत नाहीत, भट्टी लागत नाही आणि त्यांत कचही चांगली खपते.

बसवणे

जमीन खोदून मुरूम दाबून घ्यावा, त्यावर ३० ते ४० मिलिमीटर क्रश सँडचा थर समतल करावा आणि पाणी वाहून जाण्यासाठी दर ५० ते ६० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवावा. पॉलिथिलीन उन्हाने सिमेंटच्या कितीतरी पट फुगते. कच मिसळल्यावर ही फुगवण कमी होते, तरीही २०० मिलिमीटरच्या ठोकळ्यात ती अर्धा ते पाऊण मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून दोन ठोकळ्यांत ३ ते ४ मिलिमीटरची फट ठेवून ती वाळूने भरावी, सिमेंटने कधीही नाही. शक्य असल्यास हे काम थंडीच्या पहाटे न करता दुपारी करावे. सर्व बाजूंनी काँक्रीटची पक्की कड लागते. ठोकळे हलके असल्यामुळे कड नसेल तर ते सरकतात.

सुरक्षा आणि परवानग्या

मिश्रणयंत्रावर धूर ओढून घेणारे हुड आणि पंखा असावा, शेड तिन्ही बाजूंनी मोकळी असावी. कच चाळताना एन-९५ मास्क आणि यंत्राजवळ सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, साधा रुमाल कोणत्याही कामाचा नाही. कातड्याचे लांब हातमोजे, बूट आणि सुती कपडे घालावेत. कृत्रिम धाग्याचे कपडे अंगाला चिकटतात. वितळलेले मिश्रण त्वचेवर पडले, तर ते ओढून काढू नये. त्यावर भरपूर थंड पाणी सोडावे आणि चिकटलेल्या अवस्थेतच रुग्णालयात न्यावे. मिश्रण पेटले तर पाणी मारू नये, झाकण लावून उष्णता तोडावी आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची संमती, तसेच प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ खालील नोंदणी ही यंत्रे विकत घेण्यापूर्वीच मार्गी लावावी. मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयात अर्ज करताना धूर ओढण्याच्या व्यवस्थेचा नकाशा आणि धुण्याच्या पाण्याचा पुनर्वापर दाखवणारी आकृती सोबत जोडावी, कारण या दोन गोष्टींवरच सर्वाधिक प्रश्न विचारले जातात.

प्रत्येक ठोकळ्याच्या खालच्या बाजूला साच्यातच घाण्याचा क्रमांक उमटवावा आणि वहीत त्या क्रमांकासमोर प्लॅस्टिकचा स्रोत, कचेची खाण, प्रमाण, मिश्रणाचे सर्वोच्च तापमान आणि चाचणीचे आकडे लिहावेत. ग्राहकाला लेखी सांगावे की, तुटलेला किंवा काढून टाकलेला ठोकळा आम्ही परत घेऊ. तो चुरून नव्या घाण्यात पाचव्या हिश्शापर्यंत मिसळता येतो. सिमेंटच्या राडारोड्यात मात्र तो जाऊ देऊ नये.